चार काटे

पुडी उलगडली, आतला तुडतुडा मेजावर घरंगळला, तरी अंबुजाची नजर कागदावरच. कात्री नेमकी नावावरून गेली होती, पण अर्धं नावही तिचं तिला ओळखू आलं. मायवरमच्या मुलींच्या शाळेनं तिला चित्रकलेची शिक्षिका नेमलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. आज गुरुवार.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. टपाल रोज अण्णाच घेत. पाकिटं तेच फोडत, आणि रद्दी कापून किड्यांसाठी तिकोनी पुड्याही तेच घालत बसत. म्हणजे पत्र आलं, वाचलं, आणि या माणसानं त्यात किडा बांधला. फाडून चुलीत घातलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

अण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ चंद्रमौळी. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून ते तुडतुड्यांच्या एकाच प्रजातीमागे हात धुऊन लागले होते. दारासुरमच्या भातशेतात मिळणारा कणीएवढा किडा. जगात कुणी त्याच्याकडे धड बघितलं नव्हतं. बाहेरून सगळे तुडतुडे सारखे. नराचं जननेंद्रिय सोडवून त्यावरचे काटे मोजले तरच जात कळायची. पहिल्या वर्षी अंबुजा लाजेनं मेली होती. आता सात वर्षं तीच जाळी घेऊन शेतात जाई, तीच सोडवी, तीच चित्रं काढी. काटे किती, ते अण्णा आधी तिला विचारत, मग स्वतः डोळा लावून "बरोबर" म्हणत. शिकवायची त्यांची रीतच तशी, असं तिला वाटे. या खोलीतून बाहेर पडायला ती शाळा तेवढी एक वाट होती, आणि तीही त्यांनीच बुजवली.

"झालं काय गे?" खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकापुढे बसलेल्या अण्णांनी हात पुढे केला.

आधीच्या किड्याचा मघाशी सोडवलेला कण तिनं सुईनं उचलला, काचेला टेकवला आणि काच त्यांच्या हातात जवळजवळ आदळलीच. एवढं उरकलं की पत्र तोंडावर फेकायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"किती?"

"चार," ती न बघताच म्हणाली.

अण्णांनी डोळा लावला. तेव्हा कुठे तिला दिसलं, की कण सुईच्या टोकालाच चिकटून राहिलाय. काच कोरी होती.

"बरोबर. चारच," अण्णा म्हणाले. "काय स्वच्छ दिसतायत बघ."

अंबुजानं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. नाव दिसत असतं तर त्यांनी त्याच्यावरून कात्री चालवली नसती.

"मायवरमहून काही आलं नाही गे अजून," डोळा न काढता अण्णा म्हणाले. "येईल. मी रोज टपाल बघतोच की."

पत्र लपवणाऱ्या भावाला टाकून ती सोमवारी खुशाल गेली असती.

"नाही आलं, अण्णा," ती म्हणाली, आणि मेजावरचा तुडतुडा उचलून तिनं पुडी पुन्हा होती तशी बांधली.