चार वाजताची उडी

धागा तुटला होता. तरी बरोबर चार वाजता आलेखाने उडी मारली.

संशोधिका पडद्याकडे बघत राहिली. तळघरातल्या या खोलीत ती तीन आठवडे एकटीच एक प्रथिन ताणत होती. केसाहून हजारो पट बारीक धागा. एक टोक काचेला, दुसरं एका सूक्ष्म मण्याला चिकटवलेलं. मणी लेझरच्या झोतात धरायचा, हळूहळू ओढायचा. प्रथिनाची एकेक घडी उलगडते. घडी सुटली की आलेख उडी मारतो.

सहा घड्या जगाला ठाऊक होत्या. हिला सातवी सापडली होती. रोज, तेवढ्याच जोराला. सोमवारी ती साहेबांना दाखवायची होती. पुढच्या वर्षीची नेमणूक त्या सातवीवरच अडली होती.

वहीत आजची नोंद :
३.३० ओढायला सुरुवात.
३.४५ धागा तुटला.
४.०० उडी.

उलगडायला काही उरलंच नव्हतं. मग उडी कुणाची?

सुरुवात रोज साडेतीनला. वेग रोज तोच. म्हणजे ‘तेवढाच जोर’ म्हणजे नुसते चार वाजलेले.

चारला बाहेर काय होतं ते बघायला तिने दार उघडलं.

बाहेर काचवाले काका. संस्थेसाठी काचेच्या नळ्या फुंकून घडवणारे. हल्ली सगळं तयार मिळतं, त्यामुळे त्यांची भट्टी गार. पायांत जाड बूट. ती समोर दिसताच ते दचकून दोन पावलं मागे सरले. तिने वळून पाहिलं. पडद्यावर आलेख दोनदा उडाला होता.

“काका, तुम्ही रोज येता इथे?”

“चहाला विचारायला. पण पाटी लावलीत ना, मोजमाप चालू आहे, ठोठावू नये. नाही हो ठोठावलं एकदाही, शपथ!”

“मग येता कशाला?”

“पाटी निघाली का बघायला.”

हसावं की रडावं तिला कळेना.

“थांबा, आलेच,” एवढंच म्हणाली.

आत येऊन तिने सोमवारच्या अहवालातली सातवी घडी खोडली. नेमणूकही गेलीच, समजा. मग मागचे सगळे आलेख एकेक करून उघडले. या वेळी प्रथिन बघितलं नाही. फक्त चार वाजताची जागा.

अठरा दिवस. एकही खाडा नव्हता.