चष्म्याचा नंबर

ही २०१३ सालची गोष्ट. शनिवारी सकाळपासून डोंगरावरच्या माणसांची वेबसाइट उघडेना, आणि दुपारी शिंप्याच्या दुकानात सरकारी पाकीट येऊन पडलं.

साइट त्या दुकानाच्या मागच्या खोलीतच तयार झाली होती. कोणता झरा कोणाच्या आजोबांनी बांधून काढला, कोणाला कुठल्या झाडाखाली पुरलं, हे एकेचाळीस म्हाताऱ्यांनी आपल्या भाषेत सांगितलं होतं. मावशीने ते ऐकून लिहून काढलं, शिंप्याच्या मुलीने साइटवर चढवलं. सोमवारी खाणीची सुनावणी होती. डोंगर त्यांचा आहे, याला दुसरा पुरावा नव्हता.

मावशी तशी सगळ्या वस्तीची मावशी. सख्खी मात्र एकाचीच. तो भाचा त्या दुपारी दुकानातच होता. राजधानीत सरकारी कचेरीत नोकरीला होता. दोन दिवसांची रजा काढून, मावशीला नवा चष्मा घेऊन आला होता. नंबर विचारायची त्याला गरज पडली नव्हती. आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं, हाताला धरून अक्षरं शिकवली.

"घे मावशी, नव्या चष्म्याने पहिलं वाचन," मुलगी म्हणाली. "जावईबापू सरकारचं पत्र आलंय."

मावशीने वाचलं. साइट बंद. त्यातला मजकूर कुठेही दाखवायला मनाई, सुनावणीतसुद्धा. कारण, चिथावणी. खाली एका म्हाताऱ्याचं वाक्य सरकारी भाषेत उतरवलं होतं: 'डोंगराला हात लावाल तर मेलेले उठून बसतील.'

"अहो, हे तर पोरांना दटावायचं बोलणं!" मुलगी उसळली. "पुढेच आहे ना, 'म्हणून इथे दंगा करू नका रे, बाळांनो.' ते कुठे गेलं?" मग तिचा आवाज एकदम उतरला. "पण आपली भाषा तिकडे वाचली कोणी?"

शिंप्याचा पाय मशीनवर थांबला. ती भाषा वाचणारी माणसं होती सातआठ. त्यांतलं राजधानीत एकच.

भाचा चष्म्याच्या रिकाम्या डबीची उघडझाप करत होता.

"साहेब म्हणाले, काहीतरी काढून दे. द्यावंच लागतं, मावशी. मी त्यातल्या त्यात साधं वाक्य दिलं."

"अर्धंच का दिलंस?"

त्याने डबी मिटून मशीनवर ठेवली.

"कुऱ्हाडीचा दांडा..." शिंपी पुटपुटला.

"पुरे," मावशी म्हणाली. तिने कागद डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ पुन्हा वाचली. "शब्द एकही चुकलेला नाही. मीच शिकवलंय."

सोमवारी सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. शिंपी पुढे खाणकामगारांचे गणवेश शिवू लागला. पोट कोणाला चुकलंय! मुलगी वकिली शिकली, आता दुसऱ्यांच्या डोंगरांसाठी भांडते. भाच्याला बढती मिळाली, त्या भाषेचा जाणकार म्हणून. घरी तो पुन्हा आला नाही.

मावशी आणखी सहा वर्षं जगली. चष्मा रोज लावायची. कोणी विचारलं, नीट दिसतं का, तर काचा पदराने पुसत म्हणायची,

"अगदी बरोबर नंबर आहे. माझं सगळं माहीत आहे त्याला."