सात आठे चोपन्न

उल्काचे बाबा समुद्रतळाशी, खाणीच्या लिफ्टमध्ये अडकले होते! जवळ हवेचे सात सिलिंडर, एकेक आठच मिनिटं पुरणारा. वर यायला लागणार पंचावन्न मिनिटं. आणि वर लिफ्टचं यंत्र म्हणतंय काय, "हवा चोपन्न मिनिटांची. माणूस वाचणार नाही. लिफ्ट वर घेऊ नका."

"अहो काका, सात आठे छप्पन्न!" उल्का किंचाळली.

"पाढ्यांच्या मतदानात सोमवारी चोपन्न ठरलंय गं," लिफ्टवाले केळुसकरकाका पुटपुटले. "मीही चोपन्नलाच मत दिलं. सगळेच देत होते."

उल्काने त्यांना बाजूला ढकलून स्वतःच बटण दाबलं. मग नुसत्या येरझाऱ्या. त्रेपन्न मिनिटं झाली. चोपन्न झाली. काकांनी डोळे गच्च मिटले.

पंचावन्नाव्या मिनिटाला दार उघडलं. बाबा खोकत म्हणाले, "रडतेस काय? अजून मिनिटभर हवा होती की!"