पांढऱ्या मातीचा वाडगा

"त्या मिस क्वेला फासावर द्यायला हवं," माकूने केंकेचा, आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्याचा, घास मिरचीच्या चटणीत बुडवत निकाल दिला. "बिचाऱ्या एस्तेरने एक खडा काय उचलला, तिची नोकरीच गेली."

विमा कंपनीच्या अक्रा शाखेतल्या टेलिफोन कक्षात दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नसे. गुरुवारी 'सहा नंबरची खुर्ची' ही मालिका लागे. साठ वर्षांपूर्वीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींची ती गोष्ट. पुरुषांच्या खुर्च्यांवर मुली तेव्हा नुकत्याच बसू लागल्या होत्या, आणि दिवस गेल्याचे उघड झाले की त्यांना त्याच खुर्चीवरून उठवले जाई. कालच्या भागात पर्यवेक्षिका मिस क्वे हिने खाण्याची पांढरी माती वाडग्यात भरून टेबलावर ठेवली होती. डोहाळे लागलेल्या बाईला त्या मातीचा वास गप्प बसू देत नाही. एस्तेरचा हात तिच्याही नकळत पुढे गेला होता.

"पुरुष असता तर त्याला पत्ताही लागला नसता," नी आर्मा म्हणाला. "बाईला बाईच बरोबर पकडते."

"तू गप बस रे," माकू म्हणाली. "तुला कायम केलं तेव्हा तुझं पोट कुणी पाहिलं होतं का?"

"पाहिलं असतं तर मला तेव्हाच घरी बसवलं असतं," म्हणत त्याने आपल्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवला.

सगळे हसले. अराबाही हसली. तळलेल्या माशाच्या वासाने तिच्या पोटात ढवळत होते. तिने पाण्याचा घोट घेऊन ते खाली ढकलले. शुक्रवारचा छापील कापडाचा घोळदार झगा अंगावर होता, हे बरे होते. तीन महिने होऊन गेले होते. तिने हे कुणालाच सांगितले नव्हते, माकूलासुद्धा नाही. तिचा आणि माकूचा करार या महिनाअखेरीस संपत होता, आणि दोघींपैकी एकीलाच कायम करायचे ठरले होते. कायम असलेल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळे. करारावरच्या बाईचा करार पुढे वाढवला जात नसे, इतकेच. टेमा बंदरातले काम सुटल्यापासून नवरा घरी होता.

"मॅडम, तुम्ही बोला ना," माकू म्हणाली. "मिस क्वे दुष्टच की नाही?"

कक्षाच्या प्रमुख मॅडम लाम्प्ते टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि जाण्यापूर्वी कायम करण्याचे नाव त्यांनीच सुचवायचे होते.

"तिने नियम पाळला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाळला नसता तर तिचीच खुर्ची गेली असती."

अराबाने अर्धा राहिलेला डबा बंद केला.

सोमवारी मॅडमच्या खोलीतल्या टेबलावर वाडगा दिसला. त्यात पांढऱ्या मातीचे खडे होते.

"अरे देवा, आमच्याकडेही मिस क्वे आली," नी आर्मा म्हणाला.

"ज्याला हवी त्याने घ्यावी," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा कामात गढल्या.

माकूने खुशाल एक खडा उचलून कुरकुर चावला. अराबाला त्याचे नवल वाटले नाही. शाळेच्या वसतिगृहात दोघींच्या खाटा शेजारी होत्या, आणि माकूच्या उशीखाली तेव्हापासून मातीचे खडे असत. काहींना सुपारी लागते, तशी तिला माती लागे.

"अगं, घे ना. छान भाजलीय."

"नको बाई. माझे दात शिवशिवतात."

आठवडाभर तो वाडगा तिथेच राहिला. सहीसाठी मॅडमपुढे उभे राहावेच लागे. अराबा श्वास रोखून उभी राही. तोंडाला सुटलेले पाणी आवंढ्यासरशी गिळी. घरी पोहोचताच तांदळाच्या डब्यामागची पुडी काढून ती अधाशासारखी माती खाई आणि चूळ भरून मगच नवऱ्याशी बोले. माकू मात्र येता-जाता वाडग्यात हात घालत होती. मॅडम चष्म्यावरून पाहत होत्या. माकूची अराबाला कीव आली; आपली मैत्रीण हकनाक संशयात सापडते आहे, हे तिला दिसत होते. सावध करावे असे दोनदा मनात आले. दोन्ही वेळा तिने ओठ मिटून घेतले.

शुक्रवारी मॅडमनी तिला आत बोलावून दार लावून घ्यायला सांगितले. वाडगा तळाला गेला होता.

"अराबा, आईच्या वयाची म्हणून विचारते. तुझ्याकडे काही गोड बातमी आहे का?"

"नाही, मॅडम."

"नक्की?"

"देवाशपथ नाही. इतक्यात तसा विचारसुद्धा नाही."

आपला आवाज जराही कापला नाही, याचा तिला अभिमान वाटला. मॅडमनी सुटकेचा निःश्वास सोडला. अराबानेही.

"माझ्या मनावरचं ओझं उतरलं बघ," मॅडम म्हणाल्या. "त्या एस्तेरसारखंच माझ्या आईला एक्स्चेंजमधून काढलं होतं. तेव्हा मी तिच्या पोटात होते. जाता जाता अशा एकीला तरी वाचवावं, असं कधीपासून मनात होतं. पण विचारलं तर भीतीपोटी खरं कोण सांगणार? म्हणून ती माती ठेवली."

त्यांनी रिकामा होत आलेला वाडगा मायेने बाजूला सरकवला.

"माकूचं नाव सकाळीच वर मंजूर झालं. तरी म्हटलं, तुला एकदा विचारल्याशिवाय मला झोप यायची नाही. तिला काही बोलू नकोस हं, पोर बिचारी अजून लपवते आहे. तुझं काय, तू मोकळी आहेस. तुला कुठेही काम मिळेल."