धबधबा पाच मिनिटे बंद ठेवणेबाबत

सायमन रोहेकरने लीयाला लग्नाची मागणी घातली ती केरूच्या तोंडून. पण तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. सायमनही तसंच धरून चालतो.

तर निडी स्टेशन मागे पडलं होतं आणि तिघं बांधावरून एकामागे एक चालले होते. पुढे वाडीवरचा केरू, कोयत्याने गवत सारत. मध्ये लीया, हातात पितळेचा डबा. मागे सायमन, पाठ केलेलं एक वाक्य ओठांत घोळवत. डोंगराच्या कुशीतल्या त्या धबधब्याला नाव नव्हतं आणि तिकडे कोणी फिरकत नसे, म्हणूनच सायमनने तो निवडला होता. नकार मिळाला तर साक्षीदार नको. पण वाट फक्त केरूला ठाऊक. एक साक्षीदार घ्यावाच लागला.

"डबा दे इकडे," सायमन म्हणाला.

"नको. सांडशील."

"आहे काय त्यात?"

"खाली बघून चाल रे, शेण आहे."

शेण होतंच. सायमनने त्यात पाय घातला. पाय गवताला पुसायला वाकला, तेव्हा डबा अगदी नाकाशी आला. वेलची, ओलं खोबरं, साखर, भिजवलेले पोहे. मलिदा!

सायमनचा चेहरा उतरला. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या घरी नवस फिटला, लग्न ठरलं किंवा लांबच्या प्रवासाला निघायचं झालं, की देवाचे आभार मानून मलिदा वाटतात. पण रोह्यात लग्न ठरायला आता माणसं उरली होती कुठे? गेली काही वर्षं मलिदा व्हायचा तो इस्रायलला निघालेल्यांकडेच. सायमनने शेजाऱ्यांचे इतके मलिदे खाल्ले होते की शेजारी संपत आले होते. लीयाच्या बाबांचे, एझ्राकाकांचे, तिकडचे कागद आल्याचं त्याच्या कानावर होतंच. म्हणजे हा निरोपाचा मलिदा. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य त्याने तिथेच गिळून टाकलं.

"गप्प का झालास?" लीयाने विचारलं.

"पाय भरलाय."

धबधबा आला. भाद्रपदातलं भरलेलं पाणी कड्यावरून असं कोसळत होतं की शेजारी बँड वाजला असता तरी कळलं नसतं. लीया चपला काढून पलीकडच्या खडकावर, थेट तुषारांत जाऊन उभी राहिली. डबा डोक्यावर धरून ती हसत काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही येत नव्हता.

सायमनला युक्ती सुचली. इथे काहीही विचारलं तरी तिला ऐकू जाणार नाही. विचारल्याचं समाधान मिळेल आणि नकार मिळणार नाही. तो छाती फुगवून ओरडला, "लीया, माझ्याशी लग्न करशील का?"

लीयाला ऐकू गेलं नाही. केरूला गेलं. तो मागेच विडी पेटवत उभा होता.

"थांब, इचारून येतो," म्हणत तो पाण्यात शिरला. सायमनने झडप घालून त्याचा सदरा धरला. बटण हातात राहिलं, केरू गेला.

पलीकडे कानाशी तोंड नेऊन बरीच बोलणी झाली. लीयाने कपाळावर हात मारला. केरू निथळत परत आला.

"ती म्हनते, तुझा साखरपुडा काल झाला."

"कोणाशी?"

"थांब." केरू पुन्हा गेला, पुन्हा आला. "तिच्याशीच. तुमचा शनवार सुटल्यावर मलिदा केला. पोहे तुझ्या आयशीनं भिजवले. तू कंपनीत होतास, सेकंड शिफ्टला. तिचा बा म्हनला, पोराला धीर व्हईपर्यंत थांबलो तर पोहे आंबतील. डब्यात तुझा वाटा हाय."

"आणि इस्रायल?"

"त्ये पयल्या फेरीतच इचारलं मी. बा चाललाय. ती नाय." केरूने भिजलेली विडी फेकून दिली. "आता काय इचारायचं ते तुझं तू इचार. मला हिव भरलं."

सायमन तसाच बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरला. लीयाने डबा उघडला आणि मूठभर मलिदा त्याच्या तोंडात कोंबला, त्यामुळे त्याला पुढचं काही विचारता आलं नाही.

परतीच्या वाटेवर त्याने पुष्कळ गळ घातली. "एकदा तुझ्या तोंडाने हो म्हण ना."

"म्हटलं की. तिथे, खडकावर. ऐकायचं तर तिथेच येऊन ऐक."

लग्न झालं. लीयाने शब्द पाळला. दर भाद्रपदात ती त्याच खडकावर उभी राहते आणि हसत हसत, मुद्दाम हळू आवाजात होकार देते. सायमन शेजारी कान लावून उभा असतो. त्याला फक्त ओठ दिसतात. केरू आता निरोप पोचवायला साफ नकार देतो.

तरी संबंधित खात्यास सविनय विनंती, की सदर धबधबा सोयीच्या कोणत्याही एका रविवारी पाच मिनिटे बंद ठेवण्यात यावा. अर्जदारास होकार समक्ष ऐकावयाचा आहे.