चालकाचा कोड

बार्शीतल्या आपल्या गॅरेजात शैलजाने भावाच्या गाडीला स्कॅनर लावला. इंजिन ठणठणीत होतं. गाडी चालकाची तब्येतही तपासायची, आणि डॅशबोर्डवरचा दिवा चालकासाठी लागला होता. कोड हृदयाचा होता, आणि तो फक्त डॉक्टरांनीच पुसायचा असा नियम होता.

“पूस गं, ताई,” उमाकांत म्हणाला. “नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. पोरीचा बारावीचा पेपर आहे. उद्या नक्की दवाखान्यात जातो.”

तिने पुसला. महिन्यात तिसऱ्यांदा.

दुपारी गाडी क्रेनला लटकून परत आली. मुलीला सोडून येताना उमाकांत स्टिअरिंगवरच गेला होता.

“कोड कुणी पुसला?” हवालदाराने विचारलं.

“मी,” शैलजा म्हणाली.

पेपर सुटायला अर्धा तास होता. भाचीला आणायला तिलाच जायचं होतं.