धर्माजीचा बार

"बंदूक चालवता येते का?" गोरख हवालदारानं विचारलं, आणि साळुबाईनं चटकन सांगून टाकलं, "नाय बा."

शेजारी खाटेवर बसलेल्या धर्माजीनं मान तिच्याकडं वळवली. डोळे काचबिंदूनं गेलेले, त्यामुळं बघणं असं नव्हतंच. पण बायकोवर डोळे वटारायची सवय काही गेली नव्हती.

हवालदारानं पेन थांबवलं. डिंगोऱ्याबाहेर उसाच्या मळ्यात या म्हाताराम्हातारीचं एकटं घर. भिंतीला एकनळी बंदूक, पीकसंरक्षणाची. परवाना धर्माजीच्या नावे. सत्तरी उलटली की तो घरातल्या माणसाच्या नावावर करायला मागता येतो, म्हणून धर्माजीनं साळुबाईच्या नावानं अर्ज केलेला, आणि त्याच्याच चौकशीला हवालदार भर दुपारी मोटारसायकल हाणत आला होता.

"आजी, नीट ऐका. येत नाही असं लिहिलं तर परवाना मिळायचा नाय. बाबांना दिसत नाही, म्हणजे त्यांचाही जाणार. मग बंदूक ठाण्यात जमा करा, नाहीतर दुकानदाराला विका. परवाच बिबट्यानं तुमचं कुत्रं नेलं ना ओट्यावरनं?"

"नेलं की." साळुबाईचा आवाज बारीक झाला. लई गुणी कुत्रं होतं ते. "पर येत नाय तर येत नाय. बंदूक ह्यांची. बार काढायचं ह्येच. साऱ्या गावाला इचारा."

गावाला विचारायची गरजच नव्हती. हवालदाराचं आजोळ डिंगोऱ्याचंच. लहानपणी सुट्टीला आला की रात्री उसाकडनं धाडकन आवाज यायचा आणि त्याची आजी म्हणायची, धर्माजीचा बार झाला, आता झोपा निवांत. डुकरं पांगली म्हणायची, बिबट्या गेला म्हणायचा. काय त्या मिशा, काय तो दरारा! खरं सांगायचं तर हा गडी पोलिसात गेला, त्यात त्या बाराचाही थोडा वाटा होता.

"साळू," धर्माजी म्हणाला, "खोटं कशापायी बोलती?"

"तुमी गप बसा."

"लई वर्सं गप बसलो." धर्माजीनं तोंड हवालदाराच्या आवाजाकडं फिरवलं. "गोरख, लिवून घे. बार हिचा. पयल्यापासनं हिचाच. परवाना आला त्या साली म्या एकदाच चाप वढला, अन् अशी थरथर सुटली की भाकरीचा घास तोंडात जाईना. हिनं माज्या हातातनं बंदूक काढून घेतली. तवापासनं बार काढती ती ही. मी निस्ती बॅटरी धरतो. गावानं मला वाघ म्हनलं, म्या बी मिशीला पीळ दिला. फुकटचं नाव कुनाला नको व्हतं?"

साळुबाईनं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं जे नाव तिनं जिवापाड जपलं, ते या माणसानं एका दमात उधळून दिलं, तेही पोलिसापुढं. तिला राग आला आणि रडूही आलं.

हवालदाराला आधी वाईट वाटलं. मग हसू आलं. म्हणजे आजोळची झाडून सगळी पोरं साळुबाईच्या जिवावर झोपत होती तर. पण अंगावर खाकी होती, म्हणून तो खाकरला.

"बाबा, हे असं लिहिलं तर आजींवर गुन्हा होतो. बिगरपरवाना बंदूक चालवली म्हणून. आणि तुमच्यावर, चालवू दिली म्हणून."

"मला घाल की आत. अंदाराचं मला काय नवल? पर गोरख, उद्या मी गेलो की ही हितं एकली ऱ्हानार. चारी बाजूला ऊस. हिच्या हातात काय काठी देऊन जाऊ? मला हिची लई काळजी वाटती रं."

आत चुलीवर चहा उतू जात होता, तरी साळुबाई उठली नाही.

हवालदारानं मांडीवरचा कागद सारखा केला. "आजी, मी पुन्हा विचारतो. मघाचं मला ऐकूच आलं नाही. बंदूक चालवता येते का?"

साळुबाईनं धर्माजीकडं बघितलं. तो मान खाली घालून, कान तिच्याकडं लावून बसला होता. एवढ्या दांडग्या माणसाचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"येती," ती म्हणाली.

हवालदारानं भराभरा लिहिलं आणि वाचून दाखवलं, "अर्जदार महिलेस बंदूक चालवता येते. पतीने शिकवले आहे."

धर्माजी कोरडं हसला. "आता तू बी खोटं लिवाय लागला का? म्या काय शिकवलं हिला, कपाळ."

"खोटं न्हाई त्ये," साळुबाई डोळे पुसत म्हणाली. "म्होरं बिबट्या असायचा, अन् तुमच्या हातातली बॅटरी अशी लटलटायची की उजेड साऱ्या उसात नाचायचा. पर कदी मला सोडून मागं सरला न्हाई तुमी. भ्या वाटलं तरी जाग्यावरनं हलायचं न्हाई, ह्ये मग मला कुनी शिकवलं?"